शेकरूची अनेक घरं

कर्जतहून खांडसला जा, गणेश घाटाने भीमाशंकर चढू लागा आणि नजर वर ठेवा. शेंड्याकडे पानाकाटक्यांचा मोठा गोळा दिसला, तर ते शेकरूचं, म्हणजे मोठ्या खारीचं, घरटं. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधतं. एखादं पिल्लांसाठी, बाकीची झोपायला; तीही बारीक फांद्यांवर, जिथे जड शिकारी पोहोचत नाही. धोका जाणवला की एवढं चपळ जनावर पळण्याऐवजी बऱ्याचदा फांदीला चिकटून निपचित राहतं! जमिनीवर ते क्वचितच उतरतं, ६ मीटरपर्यंत झेप घेत झाडं बदलतं. म्हणून मधली मोठी झाडं तोडली की त्याची वाटच बंद होते. आपल्या या राज्यप्राण्यासाठीच १९८५ मध्ये भीमाशंकर अभयारण्य झालं. त्याचा काही भाग रायगड जिल्ह्यातही येतो.