बिनधुराची वीज आणि आपला हिशोब
(कार्यकर्ता मेळाव्यातील भाषण)



सरकार सांगतंय, कोळशाच्या धुरानं पृथ्वी तापतेय, म्हणून आपल्यासारख्या देशांनी अणुवीज वाढवावी. यातली एक गोष्ट खरी आहे. अणुभट्टीत कोळसा जळत नाही, कार्बन फार कमी निघतो. आम्ही ते नाकारत नाही. पाऊस बिघडला की पहिला फटका आपल्याच नागली-वरईला बसतो. वीजही आपल्याला पाहिजेच. पण हिशोब मांडायचा तर पुरता मांडा.

भट्टीला युरेनियम लागतं. झारखंडात जादूगोडा इथं १९६७ पासून ते खणतात. तो मुलूख संथाळ आणि हो आदिवासींचा. तिथला एक टन दगड दळला तरी किलोभर युरेनियम निघत नाही. उरलेला गाळ गावांजवळच्या तळ्यांत साठवतात. त्यात रेडियम राहतं. त्याचा जोर निम्मा व्हायलाच १६०० वर्षं लागतात. एवढी वर्षं त्या तळ्यांची राखण कोण करणार?

आता भट्टीची जागा बघा. मध्य प्रदेशात मंडला जिल्ह्यात, नर्मदेकाठी चुटका हे गोंडांचं गाव आहे. बरगी धरणात त्यांची जमीन एकदा गेली. २००९ साली सरकारनं अणुवीज केंद्रासाठी पुन्हा तीच जागा धरली. ७०० मेगावॅटच्या दोन भट्ट्या! लोक उभे राहिले, तेव्हा २०१३ साली जनसुनावणी दोनदा पुढं ढकलावी लागली. २०१४ साली ती पोलीस बंदोबस्तात उरकली. एकाच घरानं किती वेळा उठायचं?

हवा सगळ्यांची, मग ती राखायची किंमत आदिवासींनीच का भरायची?

कायदा आपल्या हातात आहे. पेसा, १९९६ प्रमाणं अनुसूचित क्षेत्रात जमीन घेण्याआधी ग्रामसभेचा सल्ला घ्यावाच लागतो. वनहक्क कायदा, २००६ प्रमाणं दाव्यांची तपासणी आणि मान्यता पुरी झाल्याशिवाय कसत्या वनजमिनीवरून कुणाला काढता येत नाही. म्हणून दावे आत्ताच भरा, पोच घ्या, ती जपून ठेवा.

आणि कुठलाही प्रकल्प दारात आला, मग तो अणूचा असो, धरणाचा असो की खाणीचा, ग्रामसभेत तीन गोष्टी विचारा. पाणी किती आणि कुठून घेणार? घाण कुठं टाकणार, तिची राखण किती वर्षं करणार? आमच्या पाड्यात वीज कधी येणार? उत्तरं मराठीत, लेखी मागा. ती मिळेपर्यंत कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. ठराव वहीत लिहा, सगळ्यांना वाचून दाखवा, बायांच्याही सह्या घ्या.

जिंदाबाद!