स्टॉलचा आकडा आणि रोजची गाडी



संतसाहित्य, अर्थकारण आणि हवामानबदल यांच्या पंक्तीला यंदाच्या व्याख्यानांत गिअरबॉक्समधला एक भाग येऊन बसला आहे. संयोजकांच्या धाडसाबद्दल त्यांचे आभार मानतो आणि सरळ विषयाला हात घालतो.

अमेरिकेत ट्रक म्हणजे दहा चाकांची मालमोटार नव्हे, मागे उघडा हौदा असलेली पिकअप. सिल्वराडो, एफ-१५०, रॅम. मिशिगन-टेक्ससात स्थायिक झालेली आपली मुलंही आता या गाड्या घेतात. आठवडाभर ऑफिस, शनिवारी हौद्यात लाकूड नाहीतर माती, सुट्टीत मागे बोट. एवढं करून मालकाची आणखी एक इच्छा असतेच: सिग्नल सुटला की गाडी उसळली पाहिजे. मग कोणीतरी सांगतं, ‘हाय-स्टॉल कन्व्हर्टर टाक.’

ऑटोमॅटिक गाडीत पायाचा क्लच नसतो, त्याच्या जागी तेलाने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर असतो. इंजिनाबरोबर फिरणारा पंप तेल फेकतो, ते समोरच्या टर्बाइनवर आदळतं आणि टर्बाइन गिअरबॉक्सला फिरवते. दोघांच्या मधे स्टेटर असतो. परतणाऱ्या तेलाची दिशा तो अशी वळवतो की ते पंपाला विरोध करण्याऐवजी मदत करतं. त्यामुळे गाडी जागेवरून निघताना इंजिनाचा टॉर्क सुमारे दुप्पट होऊन पुढे जातो. जर्मन इंजिनिअर हेर्मान फ्योटिंगर यांनी १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं ते मोटारीसाठी नव्हे, जहाजाची टर्बाइन आणि पंखा जोडण्यासाठी. मोटारीत ब्यूइकने १९४८ मध्ये ‘डायनाफ्लो’ या नावाने तो आणला. आज आपल्याकडे थार, स्कॉर्पिओ-एन यांच्या ऑटोमॅटिक आवृत्त्यांत तोच आहे.

आता स्टॉल. टर्बाइन जागेवर अडवून ठेवली आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, तर इंजिन ज्या फेऱ्यांवर जाऊन थांबतं, तो स्टॉलचा आकडा. सिल्वराडोचं २००० सालच्या सुमाराचं ५.३ लिटरचं इंजिन घ्या. त्याचा सर्वाधिक टॉर्क साधारण ४५० न्यूटन-मीटर, तोही मिनिटाला ४००० फेऱ्यांवर. कंपनीचा कन्व्हर्टर मात्र त्याला २००० च्या खालीच धरून ठेवतो, म्हणजे सुटण्याच्या क्षणी इंजिनाची खरी ताकद दूरच राहते. हाय-स्टॉल कन्व्हर्टर सहसा व्यासाने लहान असतो, त्याच्या पात्यांचा कोन वेगळा असतो. तो इंजिनाला आधी २६००-२८०० पर्यंत चढू देतो आणि मग ओढ घेतो. मोह पडतो तो इथेच, आणि तो खोटा नाही.

मोठ्या कॅमशाफ्टवाल्यांकडे (कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) तर याहून सबळ कारण असतं. असं इंजिन कमी फेऱ्यांवर अडखळतं. ‘ड्राइव्ह’मध्ये ब्रेक दाबून उभं राहिलं की घट्ट, म्हणजे कमी स्टॉलचा, कन्व्हर्टर त्याला खाली खेचतो आणि गाडी बंद पडायला बघते. तिथे थोडा सैल कन्व्हर्टर ही चैन राहत नाही, गरज होते.

खोक्यावर ३००० छापलेलं असलं, तरी तो आकडा एकट्या कन्व्हर्टरचा नसतो, इंजिन आणि कन्व्हर्टर यांच्या जोडीचा असतो. स्टॉल टॉर्कच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. ६०० न्यूटन-मीटर देणाऱ्या इंजिनामागे ३००० वर अडणारा कन्व्हर्टर ४५० वाल्यामागे २६०० च्या आसपासच अडेल. मित्राच्या गाडीत झकास चालला म्हणून तोच नग मागवणारे इथेच फसतात. डिझेलचा तर उलटा न्याय. तिथे टॉर्क १६००-१८०० लाच हजर असतो, म्हणून जाणकार उलट घट्ट कन्व्हर्टर बसवतात.

आता रोजच्या रस्त्याचा हिशोब. शेवटचा गिअर ०.७०, मागच्या ॲक्सलचं गुणोत्तर ३.७३, टायर ३१ इंची. ताशी १०५ किलोमीटरला इंजिन सुमारे १८४० फेऱ्यांवर फिरतं. पंप आणि टर्बाइन थेट जोडणारा कन्व्हर्टरमधला लॉकअप क्लच धरलेला असेल तर सगळं आलबेल: तेलातली घसरण शून्य, स्टॉल कितीही असो. पण चढ लागला, ट्रेलर जोडला, पाय जरा जोरात पडला की लॉकअप सुटतो आणि ३००० चा कन्व्हर्टर घसरू लागतो. बोटीसकट साडेचार टनांची गाडी पाच टक्क्यांच्या चढावर ताशी ७० ने चढवायला ढोबळमानाने ६० किलोवॉट लागतात. त्यातले पंधरा टक्के घसरणीत गेले तर ९ किलोवॉट उष्णता थेट गिअरबॉक्सच्या तेलात उतरते. बादलीत पाणी तापवायचे दीड-दीड हजार वॉटचे सहा रॉड एकदम लावल्यासारखं. ऐंशी-नव्वद अंश सेल्सिअसला वर्षानुवर्षं टिकणारं तेल मग काळं पडतं, जळका वास मारतं आणि त्यापाठोपाठ क्लचच्या प्लेटी जातात.

शहरातलं चालवणंही बदलतं. पार्किंगमधून गाडी काढताना हलकासा पाय दिला, तर आधी फेऱ्यांचा काटा वर जातो, आवाज चढतो आणि गाडी मागाहून निघते. शर्यतीच्या पट्टीवर हे सुख असेल. रोज अर्धा तास गर्दीत रांगणाऱ्याला महिनाभरात याचा वीट येतो. ही सवयीची बाब आहे म्हणणाऱ्यांनी ती गाडी एकदा घरच्यांना चालवायला द्यावी.

माझं मत स्पष्ट आहे. इंजिन कंपनीचं असेल आणि उसळी कमी वाटत असेल, तर आधी ॲक्सलच्या गुणोत्तराकडे बघा, विशेषतः मोठे टायर टाकले असतील तेव्हा. कॅम सौम्य असेल तर २४०० ते २८०० मध्ये सुखाचा संसार होतो. नियमित ट्रेलर ओढणाऱ्याने तीन हजारांच्या वाटेला जाऊ नये. लॉकअप नसलेला कन्व्हर्टर रोजच्या गाडीत नकोच, कितीही स्वस्त मिळो. लॉकअप केव्हा धरायचा, केव्हा सोडायचा हे कॉम्प्युटरमध्ये नव्याने बसवून घ्यावं लागतं, त्याचा खर्च आधीच धरा.

बसवणाऱ्याच्या हाताकडेही लक्ष असू द्या. कन्व्हर्टर फिरवत आत ढकलताना तो टप्प्याटप्प्याने खट्-खट् करत आत उतरतो आणि शेवटच्या टप्प्यात गिअरबॉक्सच्या पंपाशी जुळतो. हा टप्पा न घेताच कोणी बोल्ट आवळून गिअरबॉक्स इंजिनाला भिडवला, तर पंप तिथल्या तिथे फुटतो. नीट बसलेला कन्व्हर्टर बोल्ट लावण्याआधी इंजिनावरच्या फ्लेक्सप्लेटपासून तीन ते पाच मिलिमीटर मागे, मोकळा फिरतो. तेवढी फट आहे ना, हे कन्व्हर्टर स्वतः हाताने फिरवून बघा. कारागीर रागावला तर रागावू द्या.

कन्व्हर्टर बनवणाऱ्याला फोन कराल तेव्हा गाडीचं वजन, ॲक्सल, टायर, कॅमचं कार्ड (त्याच्या मापांचा तक्ता) आणि ट्रेलर किती ओढता हे सांगा. यातलं काहीही न विचारता जो तुम्हाला आकडा सांगेल, त्याच्याकडून घेऊ नका. आणि तेलाचा जादा कूलर व तापमानाचा काटा मात्र कन्व्हर्टर बदला न बदला, या आठवड्यातच बसवून घ्या.