वकिलाच्या कपाटातील रोजकीर्द

(जामनेर येथील कार्यकर्ता अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



विदेशी मालकीच्या बँका, त्यांच्या अंतर्गत चौकश्या आणि वकील व अशील यांच्यातील गोपनीयता हा आजचा विषय ऐकून अनेकांच्या चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह उमटले आहे. कापसाचा भाव आणि सोसायटीचे कर्ज ही ज्यांची रोजची विवंचना, त्यांनी मुंबईतल्या फोर्ट भागातील बँकांच्या वकिलांची चिंता का वाहावी? या प्रश्नाचे उत्तर आपल्या गावच्या सोसायटीतच मिळते.

विविध कार्यकारी सोसायटीत अपहार झाल्याचा संशय आला, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८३ प्रमाणे निबंधकाला चौकशी लावता येते आणि कलम ८८ प्रमाणे नुकसानीची जबाबदारी संबंधितांवर निश्चित करता येते. ही यंत्रणा मंद आहे, तिच्यावर पुढाऱ्यांचे दडपण येते, हे सारे खरे. परंतु चौकशी करणारा माणूस संस्थेबाहेरचा असतो आणि सचिवाच्या कपाटातील रोजकीर्द त्याच्यापुढे ठेवावीच लागते.

आता मोठ्या बँकेकडे पाहा. तेथे गैरव्यवहाराचा वास आला की प्रथम बँकच वकिलांची पेढी नेमते. वकील कर्मचाऱ्यांचे जबाब घेतात, दप्तर चाळतात, अहवाल लिहितात. पुढे कोणी तो अहवाल मागितला, तर हा वकील व अशील यांच्यातील गोपनीय व्यवहार आहे, असे उत्तर मिळते. चौकशी झाली खरी; पण तिचा मालक आरोपीच राहिला.

याचे गांभीर्य समजण्यासाठी १९९२ चा रोखे घोटाळा आठवावा. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जानकीरामन समितीने आणि पुढे संसदेच्या संयुक्त समितीने जे उजेडात आणले, त्यात राष्ट्रीयीकृत बँकांबरोबर स्टँडर्ड चार्टर्ड, सिटी बँक, एएनझेड ग्रिंडलेज या विदेशी बँकांचीही नावे होती. बँक ऑफ कराड आणि मुंबईची मेट्रोपॉलिटन सहकारी बँक यांनी दिलेल्या बँकर्स रिसीटांच्या मागे रोखेच नव्हते. बलाढ्य विदेशी बँकांनी धक्का पचवला. कराडची बँक मात्र अवसायनात गेली. हे सत्य बाहेर आले, कारण समित्यांना आणि खास कायद्याने स्थापन झालेल्या विशेष न्यायालयाला बँकांची दप्तरे उघडण्याचा अधिकार होता. बँकांनी आपणच आपली चौकशी करून अहवाल वकिलांकडे ठेवले असते, तर आपल्याला काय कळले असते?

म्हणून काही साथी म्हणतील, ही गोपनीयताच रद्द करा. माझा त्याला स्पष्ट विरोध आहे. आणीबाणीत आपले साथी येरवड्याच्या आणि नाशिकच्या तुरुंगांत होते, तेव्हा वकिलाशी निर्भयपणे बोलता येणे किती मोलाचे असते, हे या चळवळीने अनुभवले आहे. अशिलाने सांगितलेले वकिलाने सरकारला सांगावे, अशी सक्ती झाली, तर तिचा पहिला बळी बँकेचा अध्यक्ष ठरणार नाही. मोर्चात पकडलेला मजूर आणि जमिनीसाठी भांडणारा आदिवासी ठरेल. सक्तवसुली संचालनालयाने ज्येष्ठ वकिलांनाच समन्स पाठविल्यावर देशभर खळबळ माजली, ती याच कारणाने. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायद्यातील अपवाद वगळता वकिलांना असे समन्स काढता येणार नाही, असा निर्णय दिला. त्याचे आपण स्वागतच केले पाहिजे.

परंतु त्याच कायद्याची मर्यादाही ध्यानात घ्यावी. १८७२ च्या पुरावा अधिनियमातील कलम १२६ आणि त्याची जागा घेणाऱ्या, १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातील कलम १३२, या दोहोंत बेकायदेशीर हेतूने केलेल्या संभाषणाला संरक्षण नाही. सर्वोच्च न्यायालयाने हेही सांगितले की, वकिलाच्या ताब्यातील दस्तऐवज केवळ त्याच्याकडे आहेत म्हणून या कलमाच्या आड लपत नाहीत. पगारी कायदा सल्लागाराला मुंबई उच्च न्यायालयाने पूर्वी विजय मेटल वर्क्सच्या खटल्यात हे संरक्षण दिले होते. या नव्या निर्णयाप्रमाणे प्रत्यक्ष वकिली करणाऱ्याचे कलम १३२ चे संरक्षण त्याला मिळत नाही.

इंग्लंडमध्येही हाच झगडा झाला. बीसीसीआय ही बँक जुलै १९९१ मध्ये बंद पडली; तिची एक शाखा मुंबईतही होती. थ्री रिव्हर्स या स्थानिक स्वराज्य संस्थेने आणि हजारो ठेवीदारांनी बँक ऑफ इंग्लंडवर देखरेखीतील कसुरीचा दावा लावला. २००३ मध्ये तेथील अपील न्यायालयाने ठरविले की, बँकेच्या साध्या कर्मचाऱ्यांनी चौकशीसाठी तयार केलेल्या कागदपत्रांना हे संरक्षण नाही. २००४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने वकिलांचा सल्ला मात्र संरक्षित मानला. हे दोन निर्णय एकत्र वाचले की आपली भूमिका स्पष्ट होते : सल्ला गोपनीय असावा, घडलेली वस्तुस्थिती गोपनीय असू नये.

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे आणि कामगार चळवळीने ती विसरता कामा नये. जबाब देणारा कारकून समजतो की समोरचा वकील आपला हितचिंतक आहे. वस्तुतः तो बँकेचा वकील असतो. गोपनीयतेचा हक्कही बँकेचा. सोयीचे असेल तेव्हा बँक तो जबाब दडवील, सोयीचे असेल तेव्हा पोलिसांच्या हाती देऊन कारकुनाला पुढे करील. कंपनीवर खटला भरता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये स्टँडर्ड चार्टर्डच्याच प्रकरणात सांगितले. पण कंपनीला तुरुंगात पाठविता येत नाही. तुरुंगात माणूसच जातो, आणि बहुधा तो खालच्या पायरीवरचा असतो.

म्हणून आपल्या मागण्या तीन. अंतर्गत चौकशीत आढळलेली वस्तुस्थिती, हिशेबाचे कागद आणि जबाब वकिलाच्या सल्ल्यापासून वेगळे ठेवून रिझर्व्ह बँकेपुढे मांडणे बंधनकारक असावे. जबाबापूर्वी कर्मचाऱ्याला वकील कोणाचा आहे हे लेखी सांगावे, युनियनचा प्रतिनिधी बरोबर ठेवू द्यावा आणि जबाबाची प्रत द्यावी. तिसरी मागणी अशी की, ठेवीदारांना निष्कर्ष कळावेत. रिझर्व्ह बँकेचे तपासणी अहवाल माहिती अधिकाराच्या कक्षेत येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २०१५ रोजी सांगितलेच आहे. हे पाऊल त्याच दिशेचे आहे.

शेवटी एक कटू गोष्ट. जळगाव जिल्ह्यातील पतसंस्थांच्या ठेवीदारांनी स्वतःच्याच पैशासाठी किती वर्षे खेटे घातले, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. फोर्टमधील बँकेकडे उघड्या दप्तराची मागणी करणाऱ्याने आपल्या तालुक्यातील संस्थेकडेही तीच मागणी केली पाहिजे, मग तिचा अध्यक्ष आपला सोयरा असो वा आपल्याच व्यासपीठावरचा साथी असो. ते धैर्य आपल्यात नसेल, तर मुंबईच्या वकिलांना बोल लावण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.