पाणी बंद करू नका

(माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



सकाळपासून चौघांनी मला विचारलं, “तू नक्की करतेस तरी काय?” चौघांनाही खरं ते सांगितलं : लहान मुलांची शी तपासते. चौघेही आपापली जिलबीची बशी घेऊन लांब जाऊन बसले. आता माईक माझ्या हातात आहे, त्यामुळे तुमची सुटका नाही.

आपण आठवीत होतो, तो पावसाळा आठवतो? आपल्यातल्या एकाचा धाकटा भाऊ दोन दिवसांच्या जुलाबांनी गेला. तो मित्र आज समोर बसला आहे, आणि हे सांगायची परवानगी त्यानंच मला दिली आहे. बाळ वर्षाचंही नव्हतं. ‘जुलाब होताहेत, पाणी बंद करा,’ असं घरातल्या मोठ्यांनी सांगितलं आणि आईनं ते ऐकलं. आपण वर्गात दोन मिनिटं उभे राहिलो. ते बाळ का गेलं, हे कुणी विचारलं नाही.

उत्तर तेव्हाही ठाऊक होतं, हे मला वैद्यकीय महाविद्यालयात गेल्यावर कळलं. 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून ते पिंपात भरलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. शंभरात तीसच्या आसपास रुग्ण दगावत होते, ते प्रमाण चारच्याही खाली आलं. आतड्यातून साखर आत जाते, तेव्हा मिठाला सोबत नेते आणि त्यांच्यामागून पाणी जातं. जुलाबातही ही वाट उघडी असते. बाईंनी शिकवलेल्या विज्ञानाच्या पलीकडचं यात फारसं काही नाही.

मी डॉक्टर झाले, पण दवाखाना न काढता संशोधनात शिरले ती त्या बाळामुळे. तान्ह्या मुलांच्या जीवघेण्या जुलाबांचं एक मोठं कारण म्हणजे रोटाव्हायरस. तो 1973 साली मेलबर्नमध्ये रुथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला. दिसतो चाकासारखा, म्हणून हे नाव. हात धुतल्यानं, पाणी उकळल्यानं पुष्कळ जुलाब टळतात. पण हा विषाणू श्रीमंत, स्वच्छ देशांतल्या मुलांनाही गाठतो. म्हणून लस हवी होती.

दिल्लीच्या एम्समध्ये 1980च्या दशकात डॉ. महाराज किशन भान यांच्या गटाला काही नवजात बाळांमध्ये हा विषाणू आढळला, आणि ती बाळं मात्र ठणठणीत होती! त्याच वाणापासून आपली भारतीय लस तयार झाली. दिल्ली, वेल्लोर आणि आपलं पुणे इथल्या 6,799 बाळांवर तिची चाचणी झाली. पहिल्या वर्षात रोटाव्हायरसचे गंभीर जुलाब तिनं सुमारे 56 टक्क्यांनी कमी केले. 2016पासून ती सरकारी लसीकरणात आली. तो वाण सापडल्यापासून सुमारे तीस वर्षं गेली!

मी अशाच दुसऱ्या एका चाचणीत काम केलं. काही बाळांना लस, काहींना तसंच दिसणारं पण लस नसलेलं औषध. कुणाला काय मिळालं, ते आम्हालाही ठाऊक नसतं. एका आईनं विचारलं, “ताई, माझ्या बाळाला खरं मिळालं का?” मी म्हणाले, “मलाही माहीत नाही.” ती गप्प झाली. मग म्हणाली, “आजारी पडलं तर याल का?” “रात्री दोनला फोन करा, गाडी येईल.” “मग लिवा नाव.” पुढं एका रात्री तिचा फोन आला. गाडी गेली. बाळ वाचलं. आमचे आकडे अशा आयांच्या भरवशावर उभे असतात, म्हणून ते फुगवायचा आम्हाला अधिकार नाही. छप्पन म्हणजे छप्पनच.

उरलेलं काम घरात करायचं आहे, आणि आता आपण आजी-आजोबांच्या वयात आलो आहोत. नातवंडांना दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना तोंडावाटे लस द्या. जुलाब झाले तर ओआरएसचं अख्खं पाकीट, त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात एकदम मिसळा, चिमटी-चिमटीनं नको. अंगावरचं दूध चालू ठेवा. डॉक्टरांनी दिलेलं झिंक जुलाब थांबले तरी 14 दिवस पूर्ण करा. बाळ सुस्त झालं, डोळे खोल गेले, शू कमी झाली, तर वाट पाहू नका, दवाखाना गाठा.

आणि घरात कुणी म्हणालं, ‘पाणी बंद करा,’ तर तिथं आपला वडीलकीचा मान वापरा.

त्या मित्राची नात पुढच्या आठवड्यात दीड महिन्याची होते. आज सकाळी भेटल्या भेटल्या त्यानं मला विचारलं, “डोस कुठं मिळतो गं?” माझं सगळं भाषण त्या प्रश्नासाठीच होतं.