हुज्जत आणि तर्क



मूल उलट बोलू लागले की आपण म्हणतो, 'हुज्जत घालू नकोस.' हा शब्द अरबी. मूळ अर्थ पुरावा, प्रमाण. मराठीत येईपर्यंत त्याचे भांडण झाले. ग्रीसमध्ये नेमके उलट घडले. तेथे आधी भांडण होते, त्यातून प्रमाणाचे शास्त्र निघाले.

इ. स. पूर्व पाचव्या शतकात अथेन्समध्ये खटला असो की नागरिकांची सभा, ज्याला बोलता येई तो जिंके. म्हणून सोफिस्ट नावाचे शिक्षक फी घेऊन वादाची कला शिकवीत. प्लेटोच्या 'युथिडेमस' या संवादात त्यांचा एक नमुना आहे. तुझ्या कुत्र्याला पिले आहेत, म्हणजे तो बाप आहे. तो तुझा आहे. म्हणजे तो तुझा बाप! आपल्याला हसू येते; पण चूक नेमकी कोठे आहे, ते सांगून पाहा बरे.

हे सांगण्याचे शास्त्र ॲरिस्टॉटलने, म्हणजे आपल्या अरस्तूने, रचले. जन्म इ. स. पूर्व 384, गाव स्टॅगिरा. सतराव्या वर्षी तो प्लेटोच्या अकादमीत आला आणि वीस वर्षे राहिला. (प्लेटोचे अरबी नाव अफलातून, मराठीत ते विशेषण होऊन बसले आहे.) 'प्रायर ॲनॅलिटिक्स' या ग्रंथात त्याने केलेली युक्ती साधी वाटते. त्याने शब्द काढून अक्षरे ठेवली. सर्व ब हे अ आहेत. सर्व क हे ब आहेत. म्हणून सर्व क हे अ आहेत. अक्षरांच्या जागी काहीही घाला, आधारविधाने खरी असतील तर निष्कर्ष खोटा होऊच शकत नाही. बोलणारा कोण, कोणत्या घरचा, हा प्रश्नच उरत नाही.

आता पहिल्या विधानात 'सर्व' ऐवजी 'काही' घाला. निष्कर्ष निघतच नाही! पालकहो, येथे जरा थांबा. 'शिकलेल्या काही मुलांना नोकरी नाही. माझा मुलगा शिकला तर त्यालाही मिळणार नाही.' एवढ्या बोलण्यावर मुलाला शाळेतून काढलेले मी पाहिले आहे. पहिले विधान खरे आहे, बेकारी खोटी नाही. पण 'काही'चे 'सर्व' कोणी केले? 'या वस्तीतली काही मुले शाळा सोडतात, मग याच्यावर मेहनत कशाला?' असे एखादे शिक्षक म्हणाले की आपल्याला राग येतो, आणि तो यावाच. सांगाडा मात्र आपल्याच वाक्याचा आहे.

पुढे स्टोइक पंथाच्या क्रिसिपसने 'जर-तर'च्या विधानांचे नियम बसवले. मग ही विद्या सिरियॅक आणि अरबी भाषांत गेली आणि 'मंतिक' झाली. फाराबीला 'दुसरा गुरू' म्हणत, पहिला अरस्तू. आपल्यापैकी जे मदरशात शिकले त्यांना 'ईसागोजी' आठवत असेल. ते नावसुद्धा ग्रीकच, पॉर्फिरीच्या ग्रंथाचे.

सोफिस्टांच्या खंडनावरील ग्रंथाच्या शेवटी ॲरिस्टॉटल सांगतो, की वक्तृत्वावर पूर्वसूरींचे पुष्कळ लिखाण मिळाले, पण अनुमानावर काहीच नव्हते. फार काळ चाचपडावे लागले. तेव्हा ऐकणाऱ्यांनी राहिले त्याबद्दल क्षमा करावी आणि सापडले त्याबद्दल आभार मानावेत.