बातमीच्या बाजारात शेतकरी

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कांद्यावर, कापसावर, विजेच्या बिलावर बोलून झाले. आम्हाला दिलेला विषय जरा वेगळा आहे : टीव्हीवरच्या बातम्या. दोघातिघांनी विचारलेसुद्धा, "हा काय शेतकऱ्याचा विषय झाला?" पण जेवणाच्या पंगतीत जो तो एकच चौकशी करीत होता, "चॅनेलवाले आले का?" म्हणजे विषय आपलाच आहे. चॅनेलवाले का येतात, का येत नाहीत, आले तर काय दाखवतात आणि त्यांचा संसार कशावर चालतो, हे एकदा हिशेब मांडून पाहिले पाहिजे.

आधी आमची चूक

सुरुवात आमच्या स्वतःच्या चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी कांद्याचा भाव असा पडला की काढणीची मजुरी निघेना. एका बाजार समितीच्या दारात शेतकऱ्यांनी संतापाने एक ट्रॉली रस्त्यावर रिकामी केली. आम्ही तिथे होतो. तासाभराने एका वाहिनीचा तालुक्याचा बातमीदार मोटारसायकलवर आला. ओळखीचा, शेतकऱ्याचाच पोर. त्याने खाली पडलेला कांदा पाहिला आणि म्हणाला, "साहेब, ओततानाचे दृश्य पाहिजे. नुसता पडलेला कांदा चालवत नाहीत."

आम्ही काय केले? चार पोरांना सांगून पाट्या भरल्या आणि कांदा परत ट्रॉलीत चढवायला लावला. तेव्हा ट्रॉलीचा मालक, साठीचा म्हातारा, पुढे आला आणि म्हणाला, "मघाशी टाकला तो राग आला म्हणून. आता भरून परत ओतायचा, तो तमाशा." आम्ही त्याचे ऐकले नाही. कांदा पुन्हा ओतला. रात्री वीसेक सेकंद ती बातमी लागली. त्यात भाव किती होता ते नव्हते, खर्च किती आला ते नव्हते, निर्यातीचा शब्द नव्हता. होता तो ओतणारा कांदा आणि ओरडणारी माणसे. शहरातल्या माणसाने ते पाहून काय म्हटले असेल? "अन्नाची नासाडी करतात!"

त्या रात्री आम्ही बातमीदारावर चिडलो. नंतर त्याच्याशी सावकाश बोललो तेव्हा कळले की चिडण्याचा पत्ता चुकला होता. त्याला पगार नव्हता. बातमी लागली तर पैसे, नाही लागली तर पेट्रोलसुद्धा पदरचे. कॅमेरा त्याचा, मोटारसायकल त्याची, जोखीमही त्याची. आपल्यासारखाच तो! माल घेऊन दारात जायचे आणि पलीकडचा भाव करील तो मुकाट्याने घ्यायचा. त्याच्या धंद्यात त्याला स्ट्रिंजर म्हणतात.

मालक कोण?

आम्ही कृषी महाविद्यालयात होतो तेव्हा कृषी विस्तार नावाचा विषय होता. त्यात शिकवत की २६ जानेवारी १९६७ रोजी दिल्लीहून 'कृषिदर्शन' सुरू झाले आणि दिल्लीच्या आसपासच्या ८० गावांत सर्वांनी मिळून पाहायला संच ठेवले. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे त्यावर 'आमची माती आमची माणसं' आले. या कार्यक्रमांनी बियाणे, खताच्या मात्रा, फवारण्या घराघरांत पोचवल्या. त्याचा उपयोग झाला, तो आम्ही नाकारत नाही. पण एकरी उत्पादन कसे वाढवावे हे सांगणारा दूरदर्शन, उत्पादन वाढल्यावर भाव का पडतो हे सांगत नव्हता. कारण संच सरकारचा, केंद्र सरकारचे आणि भाव पाडणारे धोरणही सरकारचेच.

याच काळातला गुजरातमधल्या खेडा जिल्ह्याचा प्रयोग पाहण्यासारखा आहे. १९७५ साली पीज या गावी एक लहान केंद्र उभे राहिले. इस्रोची मंडळी कॅमेरा घेऊन गावात जात. मजुरी, कर्ज, अस्पृश्यता यांवर गावचीच माणसे बोलत, नाटके करीत. खरे जिल्ह्याचे टीव्ही केंद्र म्हणायचे तर ते. आज ते नाही. बंद करण्यात आले. पण त्याच जिल्ह्यात १९४६ साली स्थापन झालेला दूध उत्पादकांचा संघ, ज्याला जग अमूल म्हणून ओळखते, तो अजून उभा आहे. दोन्हींत फरक कशाचा? लोकांना केंद्र नको होते असे नाही. पण संघाची मालकी दूध घालणाऱ्यांची होती, आणि केंद्राची मालकी दिल्लीची.

मालक बदलत राहिले

मग खाजगी वाहिन्या आल्या. आपण आनंदलो, आणि ते बरोबरच होते. एकाच दुकानापेक्षा दहा दुकाने केव्हाही चांगली. २००० साली ई टीव्ही मराठी आली. मालक हैदराबादचा, बातम्या हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीतून सुटायच्या. मग २००७ साली झी २४ तास आणि स्टार माझा, २००८ साली आयबीएन लोकमत आणि साम, २००९ साली टीव्ही ९. दोनतीन वर्षांत जिल्ह्याजिल्ह्यांत बूम घेतलेली पोरे दिसू लागली.

आता पुढचे पाहा. २०१२ साली स्टार बाहेर पडले आणि स्टार माझाचे एबीपी माझा झाले. आयबीएन लोकमतमध्ये भागीदार असलेल्या नेटवर्क १८ चा ताबा २०१४ साली रिलायन्सकडे गेला. वाहिनीचे नाव पुढे न्यूज १८ लोकमत झाले. ई टीव्ही मराठी त्याच समूहात गेली आणि २०१५ साली कलर्स मराठी नावाची करमणुकीची वाहिनी झाली. २०२२ साली एनडीटीव्ही अदानी समूहाकडे गेली आणि १ मे २०२४ रोजी त्यांची मराठी वाहिनी सुरू झाली.

मोठ्या भांडवलाने बातम्यांच्या धंद्यात उतरू नये असे आमचे म्हणणे नाही. ज्याला दुकान काढायचे त्याने काढावे. पण ज्या उद्योगसमूहाला सरकारकडून परवाने लागतात, बंदरे, खाणी, विजेचे करार लागतात, त्याच्या वाहिनीने सरकारच्या आयात-निर्यात धोरणावर बोट ठेवावे अशी अपेक्षा आपण कितपत धरावी, याचा विचार ज्याने त्याने करावा.

काट्यावर कोणाचे वजन?

दुसरा हिशेब धंद्याचा. बातम्यांची वाहिनी आपण महिन्याला भरतो त्या केबलच्या पैशावर चालत नाही. उलट आपले चॅनेल घराघरांत दिसावे म्हणून वाहिनीच केबलवाल्यांना आणि डिशवाल्यांना पैसे मोजते. त्याला कॅरेज फी म्हणतात. म्हणजे माल विकायचा तर आधी गाळ्याचे भाडे. हे भाडे, स्टुडिओ, उपग्रह, सगळे जाहिरातीतून काढायचे. जाहिरात मिळते टीआरपीवर. आणि टीआरपी मोजायचे यंत्र कोणाच्या घरात? २०१५ पर्यंत ते शहरांतल्या घरांत होते. खेड्यातल्या घरांची मोजणी त्या वर्षी बार्क या संस्थेने सुरू केली. तोवर आपण गावात रोज तीन तास बातम्या पाहिल्या तरी काट्यावर आपले वजन शून्य!

आता मोजतात, पण मोजणारी घरे देशातल्या एकूण घरांच्या मानाने फारच थोडी. इतक्या थोड्या घरांवर एवढा पैसा अवलंबून म्हटल्यावर काटा मारायचा मोह होणारच. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी त्याबाबत गुन्हा दाखल केला, आणि मग बातम्यांच्या वाहिन्यांचे टीआरपी मार्च २०२२ पर्यंत जाहीरच होत नव्हते. बाजार समितीतला काटा मारणे आपल्याला नवीन नाही. बातमीच्या बाजारातही काटा आहे हे लक्षात ठेवा.

जाहिरात देणाऱ्याला पाहिजे शहरातला खरेदीदार. त्या खरेदीदाराला कांदा महाग झाला की ती बातमी. स्वस्त झाला की बातमी नाही, ती त्याची सोय. ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हा वाहिन्यांवर प्रश्न होता, "कांदा कधी स्वस्त होणार?" मार्च २०१८ मध्ये नाशिकहून शेतकरी निघाले, सुमारे १८० किलोमीटर चालले. कॅमेऱ्यांची गर्दी झाली ती मोर्चा मुंबईच्या वेशीला टेकल्यावर. ही कोणा एका संपादकाची दुष्टाई नाही. ज्याचे पैसे, त्याच्याकडे तोंड.

माणसे कमी केली की काय कमी होते?

धंदा तंगला की पहिली कात्री माणसांवर. २०१३ साली एका मोठ्या समूहाने शेकडो माणसे एकदम कमी केली. २०२० च्या टाळेबंदीत तेच अनेक ठिकाणी झाले. स्टुडिओत चार माणसांना बसवून भांडण लावायला खर्च कमी येतो. जिल्ह्यात माणूस ठेवून त्याला बाजार समितीत पाठवायला जास्त येतो. म्हणून चर्चा वाढल्या आणि बातम्या आटल्या.

मघाशी सांगितलेला तो पोरगा. पुढे त्याच्या वाहिनीत वरची मंडळी बदलली आणि त्याचे काम गेले. कोणत्या व्यापाऱ्याने लिलाव बंद पाडला होता, कोणत्या पतसंस्थेत पैसे अडकले, कोणत्या पाटचारीला पाणी येत नाही, हे सगळे त्याच्या डोक्यात होते. त्याच्याबरोबर ते गेले. जागेवर जो आला त्याला तीन तालुके दिले आहेत. तो बिचारा कोणाला पुरणार?

पत्रकारांसाठी १९५५ चा कायदा होता, तो वर्तमानपत्रांपुरता. टीव्हीवाले त्यात नव्हते. २०२० च्या श्रमसंहितेत त्यांचा समावेश केला आहे. पण बातमीवारी पैसे घेणारा मुळात नोकर आहे की नाही, यावरच सगळे अडते. नोकर नाही म्हटले की कायदा कागदावर. शेतमजुराला हे समजावून सांगायला नको.

आपण काय करायचे?

सरकारने शेतकऱ्यांसाठी वाहिनी काढावी अशी मागणी आम्ही करणार नाही. २६ मे २०१५ रोजी डीडी किसान सुरू झाली आहे. मालक तोच असेल तर वाहिनी आणखी एक काढून भागत नाही. आपल्या हातातल्या चार गोष्टी मात्र आजच ठरवू या.

पहिली : कॅमेऱ्यासाठी आंदोलन करायचे नाही. कॅमेरा आला तर आला. एकदा ओतलेला कांदा परत ओतायचा नाही. आमच्या हातून झाले ते पुन्हा कोणाच्या हातून होऊ नये.

दुसरी : प्रत्येक तालुक्याने एक वही ठेवायची. रोजची आवक, कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सरासरी भाव, मजुरी, वाहतूक. बातमीदार आला की आकडे लिहिलेला कागद त्याच्या हातात द्यायचा. वरच्या साहेबाला रडणारा शेतकरी पाहिजे असेल, पण हातात आकडा असला तर पोरगा तो एका वाक्यात तरी घुसवील.

तिसरी : चुकीचे दाखवले तर चडफडत बसायचे नाही, लेखी तक्रार करायची. २०२१ च्या नियमांप्रमाणे वाहिनीने तक्रारीची पोच २४ तासांत आणि निर्णय १५ दिवसांत द्यायचा आहे. तारीख, वेळ आणि काय चुकले ते नेमके लिहा. शिव्या लिहू नका.

चौथी : तालुक्याच्या बातमीदाराला शत्रू समजू नका, आणि पाकीटही देऊ नका. पाकीट घेणारा आज आपले घेईल, उद्या व्यापाऱ्याचे. त्याला खरी माहिती द्या, वेळेवर द्या, आणि त्याचे काम अन्यायाने गेले तर त्याच्या बाजूने दोन ओळींचे पत्र वाहिनीला लिहा. आपल्या मोर्चात तो उन्हात उभा राहिला आहे.

त्या ट्रॉलीवाल्या म्हाताऱ्याला आम्ही पुढे भेटलो आणि चूक कबूल केली. तो म्हणाला, "दिसलो नाही तरी चालेल, साहेब. पण दिसलो तर खरा दिसावा." वहीचे काम त्यासाठीच आहे. पुढच्या मेळाव्याला प्रत्येक तालुक्याने तीन महिन्यांचे भाव भरलेली आपली वही घेऊन यावे. कोणाची वही कोरी आहे ते त्या दिवशी मांडवातच पाहू.