एका नटीची कहाणी आणि आपण
(सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या महिलांच्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



चर्चच्या महोत्सवांत धर्मगुरूनें एका नटीविषयीं बोलावें, याचें आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटेल. परंतु गेल्या उपवासकाळांत 'मी, दुर्गा खोटे' हें १९८२ सालीं प्रसिद्ध झालेलें आत्मचरित्र आमच्या हातीं आलें, आणि तें वाचून आमच्या मनाला जी टोंचणी लागली ती आपणांपुढें मांडल्यावांचून राहवत नाहीं.

दुर्गाबाईंचा जन्म १९०५ सालीं मुंबईच्या संपन्न लाड घराण्यांत झाला. वडील सॉलिसिटर होते. मुलगी लाडांत वाढली, इंग्रजी शाळेंत शिकली, आणि पुढें आपल्या येशूसंघीय धर्मगुरूंनीं चालविलेल्या सेंट झेवियर कॉलेजांत गेली. लग्नही तोलामोलाच्या खोटे घराण्यांत झालें. परंतु कांहीं वर्षांतच सासरची सांपत्तिक स्थिति पार ढासळली. पदरीं दोन लहान मुलगे. शिकवण्या करून पाहिल्या, पण तेवढ्यानें भागेना. तेव्हां १९३१ सालीं 'फरेबी जाल' या चित्रपटांत त्यांनीं एक लहानसें काम पत्करलें.

आज या गोष्टीचें कोणास कांहीं वाटणार नाहीं. तो काळ मात्र निराळा होता. १९१३ सालीं दादासाहेब फाळके यांनीं 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हां तारामतीचें काम अण्णा साळुंके या पुरुषास करावें लागलें. कारण कोणी स्त्री त्या कामास मिळाली नाहीं. अशा व्यवसायांत कुलीन घरची सून शिरली, म्हणून लोकांनीं दोन्हीं घराण्यांस बोल लावला. तो चित्रपटही हलका निघाला. दुर्गाबाई तेथेंच थांबल्या असत्या तर नवल नव्हतें. पण पुढल्याच वर्षीं, १९३२ सालीं, कोल्हापूरच्या प्रभात कंपनीच्या 'अयोध्येचा राजा' या चित्रपटांत त्या उभ्या राहिल्या, आणि तेंही तारामती म्हणूनच! एकोणीस वर्षांपूर्वीं जें काम करावयास स्त्री मिळाली नव्हती, तेंच काम करून या बाईनें अनेक घरांतील मुलींची वाट मोकळी केली.

पुढें तरुण वयांतच वैधव्य आलें. कालांतरानें हाताशीं आलेला एक मुलगाही गेला. तरी त्यांनीं काम सोडलें नाहीं. 'मोगल-ए-आझम' (१९६०) मधली नवरा आणि मुलगा यांच्या ओढाताणींत सांपडलेली जोधाबाई त्यांचीच. 'बॉबी' (१९७३) मधल्या मिसेस ब्रागांझा याही त्याच. ती ख्रिस्ती आजी पाहून आपल्या घरांतील म्हाताऱ्यांची आठवण कोणास झाली नसेल? १९८३ सालच्या दादासाहेब फाळके पुरस्कारानें त्यांचा सन्मान झाला. १९९१ सालीं त्या निवर्तल्या.

आतां आमची गोष्ट. सुमारें वीस वर्षांपूर्वीं दुसऱ्या एका धर्मग्रामांत आम्ही सहायक धर्मगुरू होतों. तेथील गायनवृंदांतली एक मुलगी नाटकांत कामें करूं लागली. प्रयोग आटोपून ती शेवटच्या एस्टीनें घरीं येई. गांवांत कुजबुज सुरू झाली. ती आमच्या कानीं आली. आम्हीं मुलीस बोलावून गायनवृंदापासून कांहीं दिवस दूर राहावयास सांगितलें. तिनें वाद घातला नाहीं. "बरं, फादर," एवढेंच म्हणून ती गेली. पुढें कळलें कीं, वडील अंथरुणास खिळले होते, आणि त्यांचें औषध व धाकट्या भावाची फी तिच्याच मिळकतीवर चालली होती. तिच्या घरीं चूल कशी पेटते, हें आम्हीं एकदांही विचारलें नव्हतें. क्षमा मागावयास गेलों, तों घराला कुलूप. कुटुंब गांव सोडून गेलें होतें.

नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायांत सद्गुणी स्त्रीचें वर्णन आहे. ती दुरून अन्न मिळवून घरीं आणते, आणि तिच्या कामाची साक्ष वेशींत दिली जाते. आम्हीं तो अध्याय कितीदां तरी वाचून दाखविला असेल. पण ती स्त्री शेवटच्या एस्टीनें आली, तेव्हां आम्हांला ती ओळखतां आली नाहीं.

आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी लेकी आज रात्रपाळीला जातात: कोणी रुग्णालयांत, कोणी ऑफिसांत, कोणी स्टुडिओंत. या महोत्सवाच्या वर्षीं आपण दोन गोष्टी कराव्या, अशी आमची विनंति आहे. कोणाविषयीं जीभ उचलण्यापूर्वीं तिच्या घरचा उंबरठा एकदां ओलांडावा. आणि रात्रीं स्टँडवर उतरणाऱ्या मुलीस घरापर्यंत सोबत करण्यासाठीं आपल्या तरुणांनीं पाळी लावून घ्यावी.

ती मुलगी आज कोठें आहे, हें आम्हांस ठाऊक नाहीं. जेथें असेल तेथें देव तिला सुखी ठेवो, आणि तिच्यासारखी दुसरी मुलगी आपल्या चर्चच्या दारांतून मान खालीं घालून परत न जावो, हीच आमची प्रार्थना.